गॅस सुटला म्हणतात, दार लावू का पळू?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या महिन्यात याच पानावर एका वाचकाला उत्तर देताना लिहिलं होतं की बाहेर विषारी गॅस सुटला असेल तर पळत सुटण्यापेक्षा पक्क्या घरात दारं-खिडक्या लावून बसलेलं बरं, आणि त्यावर इतकी पत्रं, इतके व्हॉट्सअॅप आले की हे अख्खं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. विषय आपल्याकडं काही परका नाही. १ फेब्रुवारी २०२४ ला छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या उड्डाणपुलाजवळ एलपीजीचा टँकर धडकला, गॅस गळायला लागला, जालना रोड बंद, आसपासची लाईट बंद, घरात गॅस पेटवू नका म्हणून सांगत फिरावं लागलं. त्या दिवशी शहराला पहिल्यांदा कळलं की अशा वेळी नेमकं काय करायचं हे कुणालाच धड माहीत नाही. मी कारखान्यांत सेफ्टीचं काम केलेला माणूस, त्यामुळं जे माहितीये ते सरळ सांगतो.

प्रश्न : आम्ही बजाजनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री कधी कधी कंपन्यांच्या बाजूनं उग्र वास येतो. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की काही झालं की पोरांना गाडीवर बसवायचं आणि सुटायचं. तुम्ही म्हणता घरात बसा. दारं लावून बसायचं म्हणजे आतल्या आत कोंडून मरायचं का?
— एक गृहिणी, बजाजनगर

उत्तर : ताई, कोंडून मरायची भीती जवळपास सगळ्यांनीच कळवलीय, म्हणून आधी तिचाच हिशोब करू. माणशी दहा चौरस फूट जागा असली तर खोली पूर्ण बंद करूनही साधारण पाच तास श्वासाला अडचण येत नाही. म्हणजे दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये तुमचं चौघांचं कुटुंब आणि शेजारचे चौघं बसले तरी चालतंय. आणि एवढा वेळ बसायची पाळी सहसा येतच नाही, कारण गॅसचा ढग एका जागी ठाण मांडून बसत नाही, तो वाऱ्याबरोबर पुढं जातो, विरळ होत जातो. इकडं नीट लावून घेतलेल्या पक्क्या घरातली हवा पूर्ण बदलायला तास-दोन तास तरी लागतात. ढग बाहेरून निघून जाईपर्यंत आत थोडाच गॅस शिरतो. घरात बसा म्हणतात ते एवढ्याचसाठी.

आता याचीच दुसरी बाजू, जी लोक हमखास विसरतात. ढग निघून गेला की सगळं उलटं होतं, बाहेरची हवा स्वच्छ होते आणि आत जो थोडाफार गॅस शिरलाय तो अडकून बसतो. म्हणून पोलिसांनी, अग्निशमनवाल्यांनी किंवा कंपनीच्या सायरननं धोका टळल्याचं सांगितलं की लगेच सगळी दारं-खिडक्या सताड उघडायची, पंखे फुल करायचे आणि घरातल्या सगळ्यांनी बाहेर मोकळ्यावर येऊन थांबायचं. ‘अजून जरा वेळ आतच बसू, उगाच कशाला रिस्क’ असं म्हणत जो बसतो तो जास्तीचा गॅस नाकात घेतो. लवकर बंद करा आणि वेळेवर उघडा, यातलं एक जरी चुकलं तरी बंद करण्याचा अर्धा फायदा गेला.

गाडीवर सुटायचं म्हणाल तर शिफ्ट सुटल्यावर नगर रोडवर काय अवस्था असते ती तुम्ही रोज बघता. त्यात सगळं बजाजनगर एकदम गाडीवर बसलं तर? आणि भोपाळ आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र, थंडीचे दिवस, मिथिल आयसोसायनेट हवेपेक्षा जड, त्यामुळं जमिनीलगत पसरत गेलं, आणि काय करायचं हे लोकांना कुणी सांगितलंच नाही. लोक घरातून निघून वाट फुटेल तिकडं पळाले, कितीतरी जण वाऱ्याच्याच दिशेनं ढगासोबत पळत राहिले आणि रस्त्यात कोसळले. पळणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा ओढतो, म्हणजे तितक्या पट विष. अर्थात तिथं बहुतेकांची घरं म्हणजे झोपड्या होत्या, दार लावूनही काय अडलं असतं हा प्रश्न आहेच, त्याबद्दल खाली जालन्याच्या पत्रात लिहितो.

तुमच्या फ्लॅटपुरतं सांगायचं तर कंपन्यांच्या विरुद्ध बाजूची, कमी खिडक्यांची एक खोली आजच ठरवून ठेवा. सायरन झाला किंवा मेसेज आला की आधी माणसं आत घ्या, मग खिडक्या, मग हवा ओढणारं जे जे आहे ते बंद. आपल्या मराठवाड्यात यात सगळ्यात मोठा चोर म्हणजे कूलर. मार्च ते जून घरोघरी खिडकीत बसवलेला असतो आणि त्याचं कामच बाहेरची हवा ओढून आत फेकायचं आहे. बाहेर गॅस असताना कूलर चालू राहिला तर बाकी सगळ्या खिडक्या लावून काही उपयोग नाही. नुसता बटन बंद करून भागत नाही, त्याच्या जाळीतून हवा येतच राहते, तोंडावर जाड प्लास्टिक किंवा ओली चादर ताणून बांधायची. बाहेरची हवा घेणारा एसी, किचनचा एक्झॉस्ट, चिमणी, सगळं बंद. बाथरूमच्या वरच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीकडं कुणाचंच लक्ष जात नाही, ती बंद होत नसेल तर बाथरूमचं दार लावून त्याच्या फटीत ओलं कापड कोंबा. दाराच्या खालच्या फटीला जुनी सुती साडी ओली करून, पिळून, घट्ट गुंडाळून लावली की उत्तम बसते, टॉवेलपेक्षाही चांगली. बाकी फटींना पार्सलला लावतात तो खाकी टेप. पाण्याला तर तोटा नको, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असल्यामुळं आपल्याकडं ड्रम भरलेलेच असतात, फक्त झाकून ठेवा.

खोलीत मेणबत्ती, अगरबत्ती, स्टोव्ह काही पेटवायचं नाही. मोबाईल चार्ज, बॅटरी, रोजची औषधं, पिण्याचं पाणी, आणि हो, एक बादली, तासा-दोन तासांत पोरांना लागतेच. नातेवाइकांचे फोन येत राहतील, त्यांना एकच मेसेज टाका आणि लाईन मोकळी ठेवा. बाहेर पडा असा आदेश आला तर मात्र हुज्जत न घालता सांगतील त्या रस्त्यानं निघा.

प्रश्न : साहेब, आमची पत्र्याची खोली हाय. भिंत आणि पत्र्याच्या मधून आभाळ दिसतंय. प्लास्टिक लावायचं तर कुठं कुठं लावू? आमच्यासारख्यांनी काय करावं?
— एक कामगार, जालना

उत्तर : दादा, तुम्ही विचारलं ते बरं केलं, कारण असल्या सूचना लिहिणारे सगळे स्लॅबच्या घरात राहतात. स्पष्ट सांगतो, तुमच्या खोलीला प्लास्टिक लावत बसू नका. त्यात जी दहा-पंधरा मिनिटं जातील ती फार किमतीची असतात. तुमच्या वस्तीत पाच मिनिटांच्या चालीवर स्लॅबची इमारत कुठली आहे ते आज बघून ठेवा. शाळा असेल, समाजमंदिर असेल, मशीद असेल, दवाखाना असेल, घरमालकाचा बंगला असेल. चावी कुणाकडं असते, रात्री कोण उघडतं, हे आधी बोलून ठेवा. सायरन झाल्यावर चावी शोधत फिरायचं नाही. ढग आधीच दारात आलाय, वासानं डोळे चुरचुरायलेत, तर मग खोलीतच पत्र्याच्या फटीपासून लांब, कोपऱ्यात, ओला कपडा नाका-तोंडावर धरून बसणं उघड्यावर फिरण्यापेक्षा बरं, पण ही नाइलाजाची गोष्ट आहे.

बाहेर निघायचंच झालं तर वाऱ्याला आडवं चालायचं. वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतोय आणि गळती पश्चिमेला आहे, तर दक्षिणेला किंवा उत्तरेला निघा. वाऱ्याच्या दिशेनं पळालात तर ढग तुमच्या मागं मागं येतो. आणि वाऱ्याच्या उलट, थेट गळतीकडं तर जायचंच नाही. वारा कुठला हे बघायला दोरीवरचे कपडे, शेजारच्या देवळाचा झेंडा पुरतो.

जुन्या माळवदाच्या घरांबद्दलही दोघा-तिघांनी विचारलंय. माळवदाची घरं यासाठी खरं तर चांगली, भिंती जाड आणि खिडक्या कमी, फक्त वर उजेडासाठी ठेवलेलं सानं बंद करायला विसरू नका. त्यावर पालथी परात आणि कडेनं ओली माती, काम झालं.

जालन्याचंच पत्र आहे म्हणून एक वेगळी गोष्ट. तुमच्याकडं भंगाराचा मोठा धंदा. भंगारात बंद सिलिंडर दिसला तर त्याचा व्हॉल्व्ह फिरवून, ठोकून बघायचा नाही. मुंबईत शिवडीला १४ जुलै २०१० ला बंदराच्या यार्डात वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभराच्या आसपास लोकांना त्रास झाला. तो सिलिंडर सगळ्यांना नुसता गंजलेला लोखंडी डबा वाटत होता.

प्रश्न : आमच्या घरामागं बर्फाचा कारखाना आहे. तिथं अमोनिया असतो म्हणतात. आईला दमा आहे. गॅस गळला तर तिला खालच्या खोलीत ठेवावं का वर माडीवर? एक जण म्हणतो खाली, एक म्हणतो वर. सांगा की काय करावं.
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोघंही अर्धे बरोबर. अमोनिया हवेपेक्षा हलका, त्यामुळं पुस्तकात वर जातो. पण बर्फाच्या कारखान्यात तो दाबाखाली द्रवरूपात असतो, फुटून एकदम बाहेर आला की इतका गार असतो की हवेतल्या ओलाव्यासकट पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरपटतो आणि गरम झाल्यावर वर उठतो. त्यामुळं वर का खाली यात डोकं घालू नका, कारखान्याच्या विरुद्ध बाजूची बंद होणारी खोली निवडा, मग ती कुठल्याही मजल्यावर असो. अमोनियाची एक गोष्ट चांगली आहे, तो नाकाला फार लवकर कळतो, जीवघेणा होण्याच्या कितीतरी आधी डोळ्यांतून पाणी काढतो. म्हणजे वेळ मिळतो. दुसरी चांगली गोष्ट, तो पाण्यात भराभर विरघळतो. म्हणून ओला कपडा नाकावर धरण्याचा अमोनियाला खरंच उपयोग होतो, मधूनमधून तो स्वच्छ पाण्यात खळबळून परत धरायचा. पण तो कपडा म्हणजे मास्क नव्हे, खोलीपर्यंत पोचायला लागणारी दोन मिनिटं निभावून नेतो एवढंच. कोविडचे उरलेले एन-९५ धूळ अडवतात, गॅस अडवत नाहीत.

आईचा पंप त्या खोलीत कायम एक जास्तीचा ठेवा. डोळ्यांत गेलं तर साध्या पाण्याची धार, कमीत कमी पंधरा मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. लिंबू नाही, गुलाबपाणी नाही, दूध तर अजिबातच नाही. कपड्यांना वास बसला असेल तर कपडे काढून पिशवीत बांधून खोलीबाहेर.

ज्यांच्या गावात पाणी शुद्धीकरण केंद्र जवळ आहे त्यांचं गणित मात्र वेगळं, कारण तिथं क्लोरीन असतो. मोठ्या केंद्रांत नऊशे किलोचे आडवे टोनर, लहान ठिकाणी शंभर किलोचे सिलिंडर. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, पिवळट-हिरवट दिसतो, ब्लीचिंग पावडरीसारखा वास. तो खड्ड्यात, तळघरात, ओढ्यात जाऊन बसतो. तिथं माडीच बरी, खालच्या खोल्या नकोत. आणि विहिरीच्या पायऱ्यांवर थंड वाटतं म्हणून लपायला तर जाऊच नका.

सगळ्या जड गॅसना एक गोष्ट लागू आहे. मे महिन्याच्या दुपारी ऊन असं असतं की हवा वर उसळते आणि गॅस लवकर विरतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा स्तब्ध असते तेव्हा तोच गॅस गालिच्यासारखा पसरून राहतो. भोपाळ मध्यरात्री झालं, विशाखापट्टणमला ७ मे २०२० ला स्टायरीन सुटला तोही पहाटे, लोक झोपेत. म्हणून रात्री सायलेंट केलेल्या मोबाईलवर सरकारी अलर्ट मोठ्यानं वाजायची सेटिंग चालू आहे का तेवढं बघून घ्या.

प्रश्न : आमचं गाव सोलापूर-धुळे हायवेला लागून. टँकर पलटी झाला की पोरं मोबाईल घेऊन आणि काही जण कॅन घेऊन पळतात. ओरडून घसा बसतो. टँकरमधे काय हाय हे कसं ओळखायचं?
— एक पोलीस पाटील, बीड जिल्हा

उत्तर : पाटील, टँकरच्या मागं आणि दोन्ही बाजूंना चौकोनी पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. जवळ जायचं नाही, लांबून मोबाईलवर झूम करून फोटो काढा आणि ११२ ला फोन करून तो नंबर सांगा. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १८३० गंधकाचं आम्ल. पाटीच्या वरच्या ओळीत एक छोटा कोड असतो, त्याच्या शेवटी इंग्रजी ई हे अक्षर असलं तर आसपासच्या लोकांना हलवायचा विचार करा असा त्याचा अर्थ. हे चार-पाच नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून टाका.

एलपीजी असेल तर घरात बसण्याचा सल्ला सरसकट लागू नाही. तो विषारी म्हणून नव्हे, स्फोटक म्हणून धोक्याचा. टँकरला आग लागलेली असेल तर चारही बाजूंनी दीड किलोमीटरच्या वर माणसं मागं न्यायची, थांबायचं नाही, कारण तापलेली टाकी फुटते तेव्हा पळायला वेळ मिळत नाही. नुसती गळती असेल तर गाडी चालू करू नका, बिडी नको, लाईटचं बटन चालू तर नाहीच पण बंदही करू नका, ठिणगी दोन्हीकडं पडते. पायी निघा. नाल्याच्या बाजूनं नको, एलपीजी सखल जागेत साचतो.

आणि कॅनवाल्यांसाठी माझ्याकडं गोड भाषा नाही. पेट्रोल समजून केमिकल भरून नेणारे आहेत आणि भरताना आगीत सापडलेलेही आहेत.

प्रश्न : शेजाऱ्यानं गव्हाच्या पोत्यांत कीड लागू नये म्हणून गोळ्या टाकल्या. भिंत एकच आहे. रात्री घरात लसणासारखा, कुजल्यासारखा वास आला, पोराला उलट्या झाल्या. आम्ही बाहेरचा वास असंल म्हणून खिडक्या लावून घेतल्या. सकाळी ठीक वाटलं. हे काय होतं?
— एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : भाऊ, हे पत्र वाचून अंगावर काटा आला. पोरगं ठीक आहे ना? त्याला अजून दाखवलं नसेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी दवाखान्यात जा. डॉक्टरांना ‘गव्हातल्या गोळ्यांचा गॅस’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते अन्नातून विषबाधा किंवा पोट बिघडलं समजून सलाईन लावून घरी पाठवतील.

त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन गॅस निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम गॅस. एका घरात दहा-वीस गोळ्या म्हणजे काय होतं बघा. विटांच्या भिंतीतल्या फटीतून, वाश्यांच्या खोबणीतून, सामाईक माळ्यावरून तो गॅस शेजारी जातो. याला उतारा नाही, दवाखान्यात फक्त हृदय आणि श्वास सांभाळत बसतात. मळमळ, उलट्या, छातीत दाबल्यासारखं, डोकं जड, ही लक्षणं घरात दोघा-तिघांना एकदम दिसायला लागली आणि आसपास कुणी धान्यात गोळ्या टाकल्यात, तर दुसरं काही शोधत बसू नका.

आणि इथं तुमचं नेमकं उलटं झालं, खिडक्या लावल्या. बाहेर विष असेल तर घर बंद करायचं. विष घराच्या आत किंवा भिंतीपलीकडं असेल तर घर उघडायचं आणि झोपलेल्यांना उठवून अंगणात आणायचं, थंडी असो पाऊस असो. वास कुठून येतोय हे ठरवायला एक मिनिट द्या. दारात जाऊन उभं राहा, बाहेर वास कमी आणि आत जास्त असेल तर उत्तर मिळालं. शेजाऱ्यालाही उठवा, तो तर पोत्यांच्या अजून जवळ झोपलेला असतो. आपल्याकडं ज्वारी-गव्हाची थप्पी घरातच आणि रात्री तिलाच टेकून अंथरूण, ही सवय आहे. त्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

पोत्यांवर पाणी ओतून गोळ्या ‘विझवायला’ जाऊ नका. पाण्यानं गॅस एकदम जोरात निघतो, पेटही घेऊ शकतो. पोती तशीच सोडून बाहेर व्हा आणि ११२ किंवा १०१ ला कळवा.

खरं तर या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. सरकारी गोदामं आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले यांनीच वापरायच्या असा नियम आहे, तरी कृषी केंद्रावर मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. घरच्या खायच्या धान्याला कडक ऊन, हवाबंद कोठी किंवा जाड प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला एवढं पुरतं. थोडी कीड पडली तर चाळून घ्या.

प्रश्न : गॅस लागलेल्याला कांदा हुंगवावा, गूळ खायला द्यावा, दूध पाजावं, यातलं खरं काय?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : काहीच नाही. गुळानं छाती साफ होते ही समजूत कारखान्यांतून घरात आली, पण फुप्फुसात गेलेला गॅस गुळानं निघत नाही. गुंगीत असलेल्याला दूध पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन वेगळंच संकट. मोकळी हवा, घट्ट कपडे सैल, बसून पुढं झुकलेलं, आणि १०८. बरं वाटलं तरी दवाखाना, कारण काही गॅसांत फुप्फुसात पाणी व्हायला काही तास लागतात, संध्याकाळी ठणठणीत असलेला माणूस मध्यरात्री धापा टाकायला लागतो.

याच पत्रात संडास साफ करताना खोकल्याची उबळ आली असंही लिहिलंय. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकली की जागच्या जागी क्लोरीन तयार होतो. बाहेर निघा, दार उघडं टाका, खिडकी उघडी राहू द्या. परत दोन्ही एकत्र वापरू नका.

प्रश्न : माझी जिल्हा परिषदेची शाळा एमआयडीसीपासून दीड किलोमीटरवर. खिडक्यांची निम्मी तावदानं फुटलेली. अशा वेळी मुलांना घरी सोडावं का?
— एक शिक्षिका, नांदेड जिल्हा

उत्तर : मॅडम, सोडू नका. सगळ्या शाळेत जी एक-दोन खोल्या नीट बंद होतात, बहुतेक वेळा ऑफिस आणि कॉम्प्युटरची खोली, त्यात मुलांना दाटीवाटीनं बसवा. तास-दीड तासाला माणशी पाच चौरस फूट जागाही चालून जाते, त्यात लहान मुलं. खिचडी शिजत असेल तर गॅस बंद. खिडकीवर तक्ते, खाली बस्करपट्ट्या ओल्या करून. वर्गातल्या थोरल्या पोरांना फटी बुजवायचं काम द्या, त्यांची भीती हातांच्या कामात जाते.

खरी अडचण मुलांची नाही, पालकांची आहे. वास आला की सगळा गाव शाळेच्या गेटवर येतो, गेट उघडा म्हणून भांडतो, आणि दार उघडं राहतं. त्यासाठी पालकसभेत आधीच सांगून ठेवा, अशा वेळी मुलं आत आहेत, गेट उघडणार नाही, तुम्ही तुमच्या घरात थांबा. लेखी दिलेलं बरं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या एकटीवर येत नाही.

प्रश्न : आमच्या पंचायतीच्या हद्दीत तीन कंपन्या. आत काय साठा आहे विचारलं तर गेटवरूनच परत पाठवतात. आम्हाला विचारायचा हक्क आहे का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, पैठण तालुका

उत्तर : आहे, आणि पक्का आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात बदल झाला, त्यातलं कलम ४१-ब सांगत होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिताही सांगते की धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यानं त्यातले धोके आणि त्यावरचे उपाय कामगारांनाच नाही तर स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही कळवायचे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्यांसाठी कारखान्याबाहेरच्या परिसराचा आपत्कालीन आराखडा आणि वर्षातून एकदा तरी त्याची रंगीत तालीम सांगितलीय. १९९६ च्या रासायनिक अपघातांच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो.

गेटवर तोंडी विचारू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि पंचायतीच्या लेटरहेडवर कंपनीला पत्र द्या, एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला, एक जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती कक्षाला. पत्रात ‘सुरक्षेची माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं, म्हणून नेमकं विचारा. साठा कशाचा, जास्तीत जास्त किती. गळती झाली तर गॅस कुठल्या बाजूला किती लांब जाईल असं तुमच्याच आराखड्यात लिहिलंय. धोक्याचा सायरन कसा वाजतो आणि धोका टळल्याचा कसा, कारण हे दोन आवाज गावातल्या शाळकरी पोरालाही वेगळे ओळखता आले पाहिजेत. रात्री दोन वाजता गावातल्या कुणाला फोन येणार, त्याचं नाव आणि नंबर. मागची तालीम कधी झाली आणि तिला गावातलं कोण होतं. उत्तराला महिना लावला तर परत पत्र द्या, आणि या वेळी सोबत पुढच्या तालमीत गावाला सामील करून घ्यायची तारीख मागा.